तोरणाचा खिळा

एंटर दाबायचं आणि वाट बघायची. मावशींच्या स्क्रीनवर ऑर्डर भरलेली दिसायची, पण ती सेव्ह काही व्हायची नाही. कर्सर जागच्या जागी लुकलुकत राहायचा आणि मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या. तेवढ्यात बाहेरच्या हॉलमधल्या मुली पुढच्या ऑर्डरला लागलेल्या असायच्या.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. अंधेरी पूर्वेला औषधं पुरवणाऱ्या एका कंपनीत मी प्रोग्रॅमर होते. एसीच्या खोलीत मेन मशीन होतं, आणि त्या खोलीत जाताना आम्ही देवघरात जावं तशा चपला बाहेर काढायचो. तिथून एक काळी केबल भिंतीभिंतीनं निघून सगळ्या कॉम्प्युटरना जोडत जायची. कोरं करकरीत नवं होतं ते सगळं. दसऱ्याच्या मुहूर्तावर पूजा करून सुरू केलेलं. हॉलमध्ये जागा पुरली नाही म्हणून शेवटचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवला आणि तिथं मावशींना बसवलं.

मावशी म्हणजे ऑफिसातल्या सर्वांत जुन्या टायपिस्ट, मूळच्या वेंगुर्ल्याच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगी शिकतेय, जोगेश्वरीच्या त्या घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. त्यांची बोटं भराभर चालताना मी स्वतः बघितली होती. साहेबांनी मात्र बघितला तो फक्त संध्याकाळी निघणारा एंट्रीचा आकडा, आणि मावशींचा आकडा सगळ्यांत कमी.

"मशीन सगळ्यांना सारखंच दिलंय ना?" साहेब मला म्हणाले. "मग बाईच स्लो. वय झालं त्यांचं. सोमवारी त्यांना काढतोय, तिथं दुसरी मुलगी बसव."

"साहेब, मशीनमध्येच काहीतरी आहे."

"मग दाखव ना! शनिवारपर्यंत दाखव."

मला इतका संताप आला की मी केबिनचं दार आपटूनच बाहेर पडले. पण दाखवणार काय, कपाळ? मी मावशींच्या जागेवर बसून बघितलं, मलाही तीच रखडपट्टी. साहेब म्हणाले, तुला टायपिंग कुठं येतं. प्रोग्रॅम उलटापालटा केला, कॉम्प्युटरच्या मागचं नेटवर्कचं कार्ड बदललं. काही नाही. मशीन विकणाऱ्यांचा माणूस आला, "लोड असेल" म्हणाला, चहा ढोसून गेला. आधी बरं चालत होतं का, हेही कुणाला सांगता येईना, कारण आधी असं काही नव्हतंच.

शुक्रवारी मावशींनी डबा उघडला आणि तसाच बंद केला. "माजा काय चुकता गो?" त्यांनी मला विचारलं. "सांग, मी तसा करतंय." संडासात जाऊन मी रडले, खरं सांगते. आपण इतकं शिकून एका बाईची नोकरी वाचवू शकत नाही, याची मला स्वतःचीच शिसारी आली होती.

शनिवारी दुसरं काही सुचेना म्हणून मी मावशींचा कॉम्प्युटर उचलून हॉलमध्ये आणला आणि तिथल्या केबलला जोडला. मावशींनी एंटर दाबला. ऑर्डर तत्काळ सेव्ह! त्यांनी परत दाबला, परत सेव्ह. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

म्हणजे दोष मधल्या वाटेत होता. मी केबल हातानं चाचपत निघाले. भिंतीवरून ती आतल्या खोलीच्या चौकटीवर चढत होती, आणि तिथं दसऱ्याचं तोरण होतं. झेंडू वाळून काळा पडला होता, पण तोरण कोण उतरवणार, म्हणून राहिलेलं. मी स्टुलावर चढून ते बाजूला केलं. त्याचा खिळा केबलच्या कडेतून आरपार गेला होता. केबल तुटली नव्हती, नुसती जखमी झाली होती. मावशींनी पाठवलेली ऑर्डर वाटेत बिघडायची, कॉम्प्युटर ती परत परत पाठवत राहायचा, आणि मेन मशीनपर्यंत धड पोचेपर्यंत मावशी बसलेल्या.

मी साहेबांना हाताला धरूनच आणलं. त्यांनी मान वर करून खिळा बघितला आणि ओरडले, "हा कुणी ठोकला?"

मला ठाऊक होतं. गोराईहून झेंडू आणून ते तोरण कुणी ओवलं होतं, नव्या कॉम्प्युटरला कुंकू लावताना कुणाचे डोळे भरून आले होते, सगळं ठाऊक होतं. मी घाईघाईनं म्हणाले, "वायरमननं असेल."

"नाही साहेब," मागून मावशी म्हणाल्या. "मी ठोकला."

साहेबांनी परत खिळ्याकडे बघितलं. दसऱ्याला हेच स्टूल त्यांनी धरलं होतं, आणि "बाई, जरा मधोमध घ्या" हेही त्यांनीच सांगितलं होतं. ते त्यांना आठवलं असणार, कारण त्यांनी मान खाली घातली. "नवीन केबल टाकून घ्या," एवढं म्हणून ते केबिनमध्ये गेले.

मावशींची नोकरी राहिली. पुढं त्यांचा आकडा पहिल्या नंबरवर गेला.

पुढच्या दसऱ्याला तोरण बाजारातून आलं. सगळे दारापाशी जमले. साहेबांनी स्वतः दोनदा हाक मारली, "बाई, या ना, तुमच्या हातानं लावा." मावशींनी स्क्रीनवरची नजर काढली नाही.

"तुम्ही लावा साहेब," त्या म्हणाल्या. "माझ्या एंट्री राहिल्यात."