बियाण्याचा भात

समस्त रसिकजनांस, आणि धानाच्या शास्त्रातल्या थोर विभूतींस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, सत्तरीचं दशक सरता सरता भंडारा जिल्ह्यातल्या एका सरकारी शेतावर विज्ञानाचा दणदणीत विजय झाला. पराभूत पक्ष : माझ्या बापाचं धान. टाळ्या वाजवायच्या असतील तर आत्ताच वाजवून घ्या. पुढे जमणार नाही.

"हाताने बुजव."

साहेब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभे. पायात बूट, डोक्यावर छत्री, छत्री धरायला एक गडी. मी खाली बांधीत, धानाच्या खाचरात. शेजारी शेजारी दोन बांध्या. एकीत साहेबांचं नवं वाण, दुसरीत तुलनेसाठी देशी. देशीची जमीन भेगाळली होती, म्हणून सकाळी मी धुरा फोडून तिला पाणी सोडलं होतं. माझी नोकरीच ती. शेतकीची पदविका घेऊन लागलेला सहायक.

"फावड्याने नाही. हाताने. सगळ्यांसमोर."

निंदणाऱ्या बाया सरळ झाल्या. बघत राहिल्या. मी गुडघे टेकले. चिखलाचे गोळे करून पाणी बंद केलं.

"साहेब, दोघांले सारखं पाणी नाई देलं, तं तुलना कशी होईन?"

"सारखं दिलं तर फरक कसा दिसेल?"

साहेब हसले. गडी हसला. छत्रीसुद्धा हलली.

"तू पाणी बघ. विचार करायला आम्ही आहोत."

ते देशी धान आमच्या घरचं. बाबांना वेडं दोनच : हे धान आणि शंकरपट. पटावर बैलजोड्या धावायच्या आणि घाम बाबांना फुटायचा. साहेबांनी तुलनेसाठी बियाणं मागितलं तेव्हा बाबांनी ते पाखडून, निवडून, कोऱ्या धोतराच्या तुकड्यात बांधून दिलं. पोराच्या हापिसात आपलं धान जाणार! आमच्या अर्ध्या एकोडी गावाला सांगून झालं. गावातल्या बाकी सगळ्यांनी केव्हाच नवी वाणं धरली होती. हे उरलं होतं फक्त आमच्याकडे.

लोंबी बाहेर पडायच्या वेळी बाबा ते बघायला आले. मला साहेबांनी साकोलीला पाठवलं होतं. भेट झाली नाही. बाया म्हणाल्या, "तुहा बाप लय वेळ बसला होता धुऱ्यावर. मंग कोणाले काई न इचारता निंगून गेला." वाळलेलं धान वाऱ्यावर कसं वाजतं, ऐकलंय? कोणीतरी दबक्या आवाजात आपलं नाव घेतंय असं वाटतं.

घरी गेलो तो थेट मळणी आटोपल्यावर. मायनं ताट वाढलं. भाताचा वास घरभर.

"नवा कुटला का, माय?"

"बियाण्याचा हाये."

मी बाबांकडे बघितलं. ते ताटाकडे बघत होते.

"तऱ्यातलं पाणी आटलं म्हून आपल्याकडं कमी पिकलं, असं वाटे मले," ते म्हणाले. "पण सरकारी शेतातबी जे उभं राहत नाई, ते कायले ठेवाचं? थकलं आपलं धान. सारं गिरणीत नेलं."

घास हातात होता. मी तो गिळला. बी ताटात आलं होतं. आजही कुठलाही भात समोर आला की पहिल्या घासाला तोच वास येतो. मी हा किस्सा रंगवून सांगतो, लोक पोट धरून हसतात, आणि मी जेवायला बसलो की तो येतो.

मग मेळावा. मंडप, भोंगे, हार. माझी भूमिका : दोन पेंढ्या उंच धरून उभं राहायचं. उजव्या हातात विजेता. डाव्या हातात आम्ही.

साहेब माईकवर गरजले, "हा आमचा सहायक, आणि हे त्याच्या बापाचं धान. दोघांकडे नीट बघून घ्या!"

मंडप हसला. पुढच्याच ओळीत बाबा, पांढरा फेटा बांधून. तेही हसले. साहेब हसतात म्हणून.

तेवढंच बघवलं नाही. दोन्ही पेंढ्या खाली ठेवल्या. माईक ओढला.

"ह्या धानाले पाणीच देलं नाई. मी सोडलं, तं साहेबानं मलेच बुजवाले लावलं. हे हरलं नाई. हेले मारलं."

"खाली उतर!"

"उतरतो. पेंढी उचलणार नाई."

आणि तेवढ्यात बाबा उठले.

आता थांबा. त्यांचं वाक्य सांगण्याआधी माझं ऐका. नोकरी गेली. पुढे दुसरीकडे प्रयोगाची कामं केली, अजून करतो, आणि माझी अट तीच आहे. ज्याचं बियाणं, तो धुऱ्यावर उभा राहील. पाणी त्याच्या डोळ्यांदेखत सुटेल. हाताखालच्या कुणीही 'कशी?' म्हणून विचारलं, तर उत्तर मिळेपर्यंत काम बंद. हे जिथे चालत नाही, तिथल्या निकालाखाली माझी सही होणार नाही. कोणाच्याही दबावाखाली नाही. बापाचं धान परत येत नाही. माझी सहीही मिळत नाही.

तर बाबा उठले. फेटा हातात घेतला. आणि भोंग्याची गरज नसलेल्या, पटावरच्या आवाजात ओरडले :

"म्हंजे आमची जोडी खुट्यालेच बांधून ठेवली, अन् पट जिंकला म्हून गुलाल उधळून राहिले का, साहेब?"