भावोजींची हिरवी वांगी

हाइलची थंडी नेमकी कोणत्या दिवशी संपते हे साऱ्या सौदी अरेबियात एकाच माणसाला कळत असे, आणि दुर्दैवाने तो माणूस आमच्या शेजारी राहत होता. दुर्दैवाने हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. तीन वर्षं आणि सात महिने आमच्या मागच्या अंगणांमध्ये एक कमरेएवढी भिंत होती. भिंतीच्या पलीकडे वांगी होती आणि अलीकडे मी होतो.

माझी पत्नी त्यांना भावोजी म्हणे. ते माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, त्यामुळे नातं नियमाला धरूनच होतं. मला खुपत असे तो सूर. "भावोजींनी वांगी दिली," हे ती ज्या सुरात सांगे, तो सूर माझ्या कुठल्याही बातमीला मिळाला नाही. बढतीची बातमी दिली तेव्हा तिने, "बरं झालं. हात धुवा, पानं घेतलीत," असं म्हटलं होतं.

यामागे एक कारण होतं आणि ते माझ्या बाजूने नव्हतं. त्याआधी आम्ही अल-खोबरला चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सहा वर्षं राहिलो. तिथे हिच्या नऊ मराठी मैत्रिणी होत्या, दर गुरुवारी भिशी होती, संध्याकाळी समुद्राकाठी फेरी होती. माझी बदली हाइलच्या धान्यकोठारांवर, वजनकाट्याच्या विभागात झाली, तेव्हा ती यायला तयार नव्हती. मी म्हणालो, "तिथे अंगण आहे. तुला हवी ती भाजी मी पिकवून देईन." 'मी' असं स्पष्ट म्हणालो होतो. त्या एका शब्दावर तिने नऊ मैत्रिणी सोडल्या. आणि पहिल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात अंगणातलं पहिलं वांगं आलं ते भिंतीवरून.

सौदी म्हटलं की आमच्या नातेवाइकांना फक्त ऊन आठवतं. हाइलला जानेवारीत बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. फेब्रुवारी तर निव्वळ फसवाफसवीचा महिना. आठ दिवस असं ऊन पडतं की स्वेटर बॅगेत जातात, आणि नवव्या दिवशी उत्तरेकडचा वारा सुटून पहाटे पारा शून्याखाली उतरतो. रोपं लवकर लावली तर गारठ्याने काळी पडतात. उशिरा लावली तर मे महिन्याच्या उन्हाने फुलं गळतात. मधले चार-पाच दिवस तेवढे खरे.

ते दिवस शोधण्यासाठी शहाणा माणूस करील ते सगळं मी केलं. कमाल-किमान दाखवणारा तापमापक भिंतीला लावला. रोज पहाटे साडेपाचला आकडा वहीत टिपला. दर पाच दिवसांच्या किमान तापमानाची सरासरी काढली. रोपांतलं अंतर पट्टीने मोजून पंचेचाळीस सेंटिमीटर ठेवलं आणि प्रत्येक रोपाला एक ते चोवीस असे क्रमांक दिले. रोपं काळी पडत, पाट्या तेवढ्या उभ्या राहत. आमची मुलगी शाळेतल्या हिंदीत म्हणाली, "बाबा, आपके गार्डन में सिर्फ नंबर उगते हैं." हसून झाल्यावर हिने तिला दटावलं.

भावोजींनी आयुष्यात काही मोजलं नसावं. रोपांतलं अंतर ते चपलेने ठरवत, आणि चपला दोन वेगवेगळ्या जोडांतल्या होत्या. रोपांना सकाळी चहाच्या किटलीतून कोमट पाणी घालत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "सकाळी सकाळी गार पाणी कुणाला आवडतं, साहेब?" वांग्यांशी ते अहोजाहो करत, टोमॅटोला अरेतुरे करत आणि मिरचीशी मुळीच बोलत नसत. तिच्याशी सलगी केली की ती फिकी होते, असं त्यांचं मत होतं. गारठा वाढला की ते रोपांभोवती काटक्या रोवून वर जुने शेमाग पांघरवत. शेमाग म्हणजे इकडचे लोक डोक्याला बांधतात तो लालपांढऱ्या चौकड्यांचा रुमाल. एका धुकट सकाळी आमचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, रस्त्याने जाताना त्या बसलेल्या रांगेला सलाम करून गेले, आणि कुणीच उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर आमच्यावर नाराज राहिले.

ते जळगावकडचे. वांग्यांचं बी त्यांची बहीण पाठवी. हिरवी, भरताची वांगी. कुटुंब तिकडे, हे इथे एकटे, त्यामुळे चौदा वांग्यांतली बारा आमच्या दाराच्या कडीला पिशवीतून लटकत. मी ती मोजत असे. भरीत झालं की ही पहिला घास घेऊन डोळे मिटे. मी दुसऱ्यांदा वाढून घेत असे आणि मनात म्हणत असे की याला मीठ कमी आहे. मीठ कमी नसे.

सर्वांत जास्त मत्सर मला त्यांच्या कातडीचा वाटे. डिसेंबर असो की जानेवारी, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. एकदा गाडीच्या काचेवर बर्फ साचला होता, तो त्यांनी उघड्या तळव्याने पुसला आणि म्हणाले, "आज दव जरा जास्तच पडलं." माझे कान जात्याच नाजूक. सासूबाईंनी विणलेली मातकट कानटोपी घातल्याशिवाय मी तापमापकापर्यंत जाऊ शकत नसे. यावरून मी निष्कर्ष काढला की हा माणूस हवामान थेट कातडीतून पितो, आणि देवाने मला ते यंत्रच दिलेलं नाही.

रोज पहाटे ते भिंतीवर कोपर टेकून विचारत, "काय साहेब, आज किती?" मी आकडा सांगे. ते माझ्या कपाळाच्या वर कुठेतरी बघत, "हं," म्हणत आणि किटली उचलत. आकड्याचा त्यांनी कधी उपयोग केला नाही.

चौथ्या वर्षी मी अगदी निश्चिंत होतो. पाच दिवसांची सरासरी आठ अंशांच्या वर गेली होती, आणि सलग तिसऱ्यांदा. शुक्रवारी सकाळी मी रोपं लावायला बसलो.

"आजच लावताय?" भावोजी भिंतीवरून म्हणाले.

"सरासरी आठच्या वर आहे."

त्यांनी पुन्हा माझ्या कपाळाच्या वर पाहिलं. "असेल. मी थांबतो जरा."

"किती दिवस?"

"ते काय सांगता येतं का, साहेब?"

चौथ्या पहाटे पारा उणे एकवर होता. चोवीसही रोपं उकडलेल्या पालकासारखी लोळत होती. ही दारात आली, तिने पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. नऊ दिवसांनी भावोजींनी रोपं लावली. त्यांतलं एकही गेलं नाही.

त्या मे महिन्यात, ऐन वांग्यांच्या भरात, ते फायनल एक्झिट, म्हणजे नोकरी सोडून कायमचं परत जायचा शिक्का, घेऊन निघाले. "खलास, साहेब. आता घरी." विमानतळावर सोडायला मी गेलो. चाळीस मिनिटांच्या वाटेत तीस मिनिटं मी स्वतःशी भांडलो आणि मग विचारलं, "लावायचा दिवस तुम्हाला कळतो कसा, एवढं सांगून जा."

"तुमच्या टोपीवरून."

मी गाडीचा वेग साठवर आणला.

"मला थंडी कळतच नाही हो. लहानपणापासून. आई म्हणायची, याला म्हशीचं कातडं लावलंय. तुम्ही यायच्या आधी दोन वर्षं माझी सगळी रोपं गेली. मग तुम्ही आलात. रोज साडेपाचला टोपी घालून हजर. एक दिवस बघतो तर टोपी नाही. म्हटलं, या माणसाला ऊब वाटली म्हणजे वांग्यांनाही वाटेल."

"आणि या वर्षी?"

"या वर्षी तुम्ही टोपी घालून रोपं लावत होतात. वही म्हणते थंडी गेली, कान म्हणतात आहे. मी कानांचं ऐकलं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही टोपीचीही वही सुरू केली असती. मग टोपी बिघडली असती."

विमानतळाची पाटी दिसल्यावर मी विचारलं, "मग रोज आज किती, आज किती, ते कशासाठी?"

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सकाळी कुणाशी तरी बोलावंसं वाटतंच ना."

जाताना त्यांनी औषधाच्या जुन्या बाटलीत माझ्यासाठी बी ठेवलं होतं. पुढच्या फेब्रुवारीत मी रोपं तयार केली आणि, खरं तेच सांगतो, टोपीची वही सुरू केली. पण आपण टोपी काढतो आहोत हे बघत टोपी काढता येत नाही. ऊब वाटली म्हणून काढली की लावायची घाई म्हणून काढली, हेच कळेना. एका सकाळी मी ती सहा वेळा काढली आणि सहा वेळा घातली. ही म्हणाली, "घाला नाहीतर काढा, पण दार लावा. गार वारा येतोय." पंधरा दिवसांनी मी कंटाळून वही बंद केली आणि पहाटे नुसताच अंगणात जाऊ लागलो. भिंतीवर कोपर नव्हतं. ते घर रिकामंच होतं.

मग एका सकाळी हिने स्वयंपाकघराच्या खिडकीतून हाक मारली, "अहो, आज टोपी विसरलात."

मी तापमापकाकडे पाहिलं नाही. आत जाऊन रोपांचा ट्रे घेऊन आलो. पाट्या लावायच्या राहिल्या, त्या राहूनच गेल्या.

मे महिन्यात पहिली तोड झाली. हिने भरीत केलं, घास घेतला आणि डोळे मिटले. मी वाट बघत राहिलो. डोळे उघडून ती म्हणाली, "भावोजींचीच चव आहे अगदी." एरवी मला हे लागलं असतं. तसं ते लागलंच, पण थोडं.

संध्याकाळी जळगावहून मिस्ड कॉल आला. मी फोन लावला.

"काय साहेब, आज किती?"

"अकरा," मी म्हणालो.

"मे महिन्यात अकरा? मग टोपी घालूनच बसला असाल."

"वांगी हो. अकरा वांगी."

मग ते म्हणाले, "वहिनींनी भरीत केलं?"

"केलं. तुमची लागली का यंदा?"

"नाही. लवकर लावली, गारठ्यात गेली. शेजारी माणूस चांगला आहे, पण तो सकाळी बाहेरच येत नाही."

मला त्यांच्यावर मात केल्याचा आनंद व्हायला हवा होता. चार वर्षं मी याच दिवसाची वाट बघितली होती. मी म्हणालो, "तिकडची हवा वेगळी, पण पुढच्या वर्षी रोज पहाटे टोपी घातली की मी एक मिस्ड कॉल देत जाईन. ज्या दिवशी देणार नाही, त्या दिवशी लावा."

"म्हणजे टोपी विसरलात की फोनही विसरणार?"

"हो," मी म्हणालो. "पण मला आठवण करून देऊ नका."