नऊ दिवसांच्या गोळ्या

दोन हजार सालानंतर नाशिकच्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. पेशंटनी परत आणलेल्या गोळ्या मोजणं हे माझं काम. दसरा झाल्यावर वणीकडची एक भाजीवाली बाई आली. तिच्या डबीत नऊ दिवसांच्या गोळ्या तशाच पडलेल्या.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, एक दिवसही चुकवायचा नाही, असं बजावलं होतं ना?"

"उपाशीपोटी घ्यायची नाय, असं बी तुम्हीच बजावलं व्हतं. नवरात्रात माझा कडक उपास व्हता."

"या दुखण्यात उपास कशाला?"

"ह्या गोळीला यश येऊ दे, म्हणून देवीला बोलले व्हते."

मी उठले, बसले, गोळ्या पुन्हा मोजल्या. त्या सूचना मराठीत मीच लिहिल्या होत्या, आणि नवरात्रात उपास माझाही होता.

नियमाप्रमाणे तिला चाचणीतून काढावं लागलं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'पेशंटने सूचना पाळल्या नाहीत.' काय लिहिलंय हे तिला सांगायला माझी जीभ रेटेना. तिने खाली अंगठा उमटवला आणि रिकामी पिशवी माझ्यापुढे धरली.

"द्या आता नव्या गोळ्या. आता एकबी उपास नाय धरत."