कुलपासमोर थांबलेली माय

परराज्यातल्या बमरोलीत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. बाजारातून येताना माय प्रत्येक मजल्यावर कुणाच्या तरी दारात थांबायची. "काय भाजी करी वं आज?" एवढं विचारून कठडा धरून उभी राहायची. ती येतेय असं दिसलं की वरून माझे वडील, आबा, हसत म्हणायचे, "उना आपला रेडिओ."

मी कॉलेजात होते, बोलायची कमी. पण एक दिवस पाहिलं, शेजारीण गावी गेलेली, दाराला कुलूप आणि माय त्या कुलपासमोरच उभी. खांदे वरखाली होत होते.

यंत्रमागांच्या, लूमच्या गल्लीत धुळीने खोकला सगळ्यांनाच. तिलाही दम्याच्या गोळ्या चालू होत्या. पाय सुजायला लागले तेव्हा आबांनी तिला शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे नेलं; मीही सोबत गेले.

"बहन, सीढ़ी चढ़ते साँस फूलती है?" डॉक्टरांनी विचारलं.

"नहीं जी," माय लगेच म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. मजल्यामजल्याला थांबायची, त्यामुळे दम लागतो असं तिला वाटतच नव्हतं.

"तीन मंजिल चढ़ती है साहब, ऊपर से बातें मारती है," आबांनी भर घातली.

डॉक्टर त्याच गोळ्या पुन्हा लिहायला लागले. आबांसमोर मायला खोटं पाडणं आमच्या घरच्या रीतीत बसत नव्हतं. मग मी इंग्रजीत बोलले. शाळेतली ती भाषा त्या दोघांना येत नव्हती, म्हणूनच धीर झाला. म्हटलं, ती गप्पांसाठी थांबत नाही, बंद दारासमोरही थांबते.

डॉक्टरांनी पेन ठेवलं आणि मायला दवाखान्याच्या जिन्याकडे नेलं. "अब बिना रुके."

अर्ध्यावर फरशी पुसणारी बाई दिसली. माय सवयीने थांबलीच, "कैसी हो बहन?"

"बात नहीं करनी," डॉक्टर मागून म्हणाले.

पुढच्या चार पायऱ्यांत तिचे ओठ काळसर झाले. आबा पाहतच राहिले.

मग छातीची सोनोग्राफी झाली. पडद्यावर तिचं हृदय राखाडी रंगात उघडझाप करत होतं. डॉक्टर म्हणाले, दमा नाही. हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे, रक्त मागे तुंबतं, म्हणून फुप्फुसांतला रक्ताचा दाब वाढला आहे. लहानपणी सांधे दुखून ताप आला होता का? त्यानेच पुढे झडप खराब होते. मायला आठवलं, भाऊ तिला पाठीवर घेऊन वैद्याकडे जायचा. झडप बारीक फुग्याने उघडता येते, छाती कापावी लागत नाही, आणि दाबही बराच उतरतो, असं ते म्हणाले. वेळेत आलात.

बाहेर येताच मायने मला चिमटा काढला. "इंग्रजीमा काय सांगं वं तू?"

"खरं ते."

रिक्षात माझा हात तिने सोडला नाही.

घरी पहिल्या मजल्यावर ती थांबली. शेजारीण दारात आली. मायने तोंड उघडायच्या आत, शेजारणींशी कधी न बोलणारे आबाच पुढे झाले आणि घसा खाकरून म्हणाले, "काय भाजी करी वं ताई आज? जरा सावकाश सांग."