पट्टी भरली तरी थांबा

अप्पांच्या सुनेचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी अंगणात वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. "सर, अप्पा गेले हो…" एवढंच ती बोलली. संध्याकाळी जिंतूरच्या लिंगायत स्मशानभूमीत त्यांना समाधी दिली. त्यांच्यात बसवून समाधी देतात. कपाळावर भस्म, हातात इष्टलिंग, पाठ ताठ… दुकानाच्या गादीवर ते असेच बसत. अप्पा आता मान वळवून "या सर, बसा" म्हणतील असं क्षणभर वाटून गेलं. सगळे रडत होते. मला मात्र रडू येईना, कारण त्यांनी सांगितलेलं एक काम माझ्याकडून व्हायचं राहिलं होतं. ते आता झालं आहे, म्हणून हे लिहू शकतो आहे.

शिवलिंग अप्पा म्हणजे आमच्या गावातले कापडाचे व्यापारी. बी. कॉम. झालेले, बोलायला फटकळ, आणि कोणत्याही गोष्टीचा तळ गाठल्याशिवाय न सोडणारे. मी इंग्रजीचा शिक्षक. निवृत्तीनंतर गावातल्या एका छोट्या वाचनालयाचा कार्यवाह झालो आणि अप्पांना संचालक मंडळावर ओढून आणलं. वाचनालयाचे जुने संगणक तेव्हा अडगळीत गेल्यासारखेच होते, नवी प्रणाली त्यांना झेपत नव्हती. अप्पांनी कुठून तरी वाचून त्यांच्यावर लिनक्स चढवलं आणि ते चालू केले. ही प्रणाली कुणा एका मालकाची नाही, जगभरची माणसं मिळून ती बनवतात आणि ती फुकट मिळते, हे ते येईल त्याला समजावून सांगत. आमच्या अध्यक्षांना हा 'फुकट' शब्द काही आवडला नाही. "फुकटचं टिकत नसतंय अप्पा," असं ते म्हणाले. अप्पा म्हणाले, "हवा पण फुकटच हाय. सोडा मग."

त्या संगणकांच्या खोडीही होत्याच. एक संगणक झोपवला की उठतच नसे, पडदा काळाच राही. मग अप्पांनी तीन कळा एकदम दाबून दुसऱ्या एका काळ्या पडद्यावर जायचं आणि तिथून परत यायचं, अशी वाट शोधून काढली. छपाईयंत्र आधी चालू केलं तरच ते संगणकाला दिसे, म्हणून त्याच्या बटणावर 'आधी मला' अशी चिठ्ठी डकवली. पण पळवाट सापडली म्हणून ते गप्प बसत नसत. दोष कुठे लिहून कळवायचा तेही त्यांनी शोधलं होतं. त्यासाठी इंटरनेटवर एक उघडं पान असतं. तिथे कुणीही तक्रार लिहावी आणि जगाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कुणी तरी, पगार न घेता, ती वाचून उत्तर द्यावं. अप्पा इंग्रजीत लिहीत, मी दुकानात बसून त्यांचं इंग्रजी नीट करत असे. त्यांची पहिली तक्रार मान्य होऊन दुरुस्ती आली, त्या दिवशी त्यांनी दुकानात पेढे वाटले. एका बाईने विचारलं, "अप्पा, नातू झाला का?" तर म्हणाले, "न्हाई, पडदा उठला."

त्या पानावर तीनच गोष्टी विचारतात. तुम्ही काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. हे तीन प्रश्न अप्पांना इतके आवडले की गल्ल्यावरही त्यांनी तीच रीत लावली. रंग गेलेली साडी परत घेऊन गिऱ्हाईक आलं की ते शांतपणे विचारत, "काय केलं तुमी?" बाई म्हणे, "काई न्हाई, साध्या पाण्यात धुतली." बाई गेली की माझ्याकडे वळून अप्पा हसत. "बगा सर, दुसऱ्या आन तिसऱ्या प्रश्नाला कुणी खोटं बोलत न्हाई. समदी मेख पहिल्यात हाय. गरम पाण्यात बुडवली असंल, पर सांगणार न्हाई. जे केलं तेच सांगावं, करायला पायजे होतं ते सांगू ने. न्हाई तर कापडाचा दोष का धुण्याचा, हे देवालाबी कळायचं न्हाई."

त्यांची सगळ्यात आवडती तक्रार पेन ड्राइव्हची होती. फाइली पेन ड्राइव्हवर उतरवताना पडद्यावर एक पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की आपल्याला वाटतं, काम झालं. प्रत्यक्षात संगणक तेव्हाही आतल्या आत माल पोहोचवतच असतो. त्या वेळी पेन ड्राइव्ह उपसला तर फाइलींची नावं उतरलेली दिसतात आणि आत काहीच नसतं. अप्पा म्हणत, "ही पट्टी आपल्याशी खोटं बोलायलीय." तशी तक्रार त्यांनी लिहिली आणि दुरुस्ती येईपर्यंत आमच्यासाठी नियम केला. पट्टी भरली तरी थांबायचं, पेन ड्राइव्ह काढायचा हुकूम द्यायचा, मग एक चहा प्यायचा, आणि पडद्यावर 'आता काढा' आलं की मगच हात लावायचा. हा चहाचा उपाय त्यांनी त्या पानावरही लिहिला. खाली कुणी तरी विचारलं, कप केवढा? अप्पांनी मला लिहायला सांगितलं, "हॉटेलातला कट न्हाई म्हणावं. घरचा, पुरा." वाचनालयाच्या भिंतीवर त्यांच्या अक्षरात पाटी लागली, 'बस चुकली तर दुसरी मिळेल.' नवख्याला या पाटीचा अर्थ लागत नसे. आम्हाला लागत होता.

त्या सुमारास अप्पा जवळच्याच बोरी गावी जाऊन तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते. गयाबाई म्हणून एक आजी होत्या, दात नसलेल्या, पण सुरू झाल्या की थांबत नसत. त्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकला नव्हता. तेव्हा बोरीलाच, मारुतीच्या सभामंडपात, सगळ्यांना ओव्या ऐकवायच्या असं ठरलं. अप्पा लॅपटॉप आणि कर्णा घेऊन सकाळीच पुढे गेले. वाचनालयातल्या संगणकावरून ओव्या पेन ड्राइव्हवर उतरवून मी मागून एसटीने यायचं होतं.

मला निघायला उशीर झाला. पट्टी भरत होती, माझं लक्ष घड्याळाकडे. पट्टी भरली. पेन ड्राइव्हचा दिवा अजून लुकलुकत होता… तो मला दिसला, हे आज स्पष्ट लिहितो. समोर पाटी होती, तीही दिसली. मी पेन ड्राइव्ह उपसला, खिशात टाकला आणि स्टँडकडे पळत सुटलो. बस मिळाली, बसायला जागाही मिळाली.

सभामंडप भरलेला होता. गयाबाई नवं लुगडं नेसून पुढेच बसल्या होत्या. अप्पांनी पेन ड्राइव्ह लावला, ओव्यांची नावं ओळीने दिसली, त्यांनी पहिली उघडली… काही नाही. दुसरीही तशीच. कर्ण्यातून नुसती खरखर. मागे पोरं हसायला लागली. गयाबाई म्हणाल्या, "गिळला का रं त्या डबड्यानं माजा आवाज?" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, 'आता काढा' आलतं ना?"

साऱ्या गावासमोर मी म्हणालो, "आलं होतं की. चहासुद्धा घेतला."

त्यातलं चहाचं कुणी विचारलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

अप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "माय-बाप हो, चूक माजी हाय. मशीन माजं, रीत माजी." पुढच्या आठवड्यात ते लॅपटॉप घेऊन एकटेच बोरीला गेले आणि गयाबाईंच्या ओसरीवर बसून त्यांना सगळ्या ओव्या ऐकवून आले. मूळ फाइली वाचनालयात शाबूत होत्याच. पण जिंतूरभर व्हायची ती चर्चा झालीच होती. संचालक मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "मी सांगत होतो, फुकटचं टिकत नसतंय." लिनक्स काढून टाकायचं ठरलं. अप्पांनी वाचनालयाची किल्ली टेबलावर ठेवली. त्या बैठकीचा वृत्तान्त मीच लिहिला. त्यात 'अप्पांच्या संगणकातील बिघाडामुळे कार्यक्रम फसला' असं वाक्य आहे. ते वाक्य माझं आहे.

इथवर झालं ते कदाचित काळाबरोबर विरून गेलं असतं. अप्पांनी मात्र त्या पानावर नवी तक्रार लिहिली. थांबलं, हुकूम दिला, संदेश आला, चहा झाला, तरीही फाइली रिकाम्या निघाल्या! तिकडच्या एका स्वयंसेवकाने नम्रपणे विचारलं, की संदेश येण्याआधीच पेन ड्राइव्ह काढला गेला नसेल ना? अप्पा चिडले. त्यांनी उत्तर लिहून दुकानात माझ्यापुढे ठेवलं. 'ज्यांनी हे केलं ते शिक्षक आहेत. त्यांचा शब्द मी माझ्या शब्दाइतकाच मानतो. तुम्ही तक्रार नीट न वाचता उत्तर देता.' मी ते वाचलं. एका ठिकाणी इंग्रजीची छोटी चूक होती, ती दुरुस्त केली आणि म्हणालो, "बरोबर लिहिलंय." माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वह्या तपासल्या. त्या एका दुरुस्तीची लाज मला अजून आहे.

नंतर अप्पा कित्येक दिवस त्याच खटपटीत होते. पेन ड्राइव्ह बदलून, संगणक बदलून, तीच कृती पुन्हा पुन्हा. "सर, होतच न्हाई बगा. दर बारीला नीट उतरायलंय. मग त्या दिवशीच कामून बिघडलं?" मी म्हणे, "असेल काही तरी." तिकडचे लोकही म्हणत होते की आमच्याकडे असं घडत नाही. आणि या नव्या तक्रारीमुळे अप्पांच्या जुन्या, खऱ्या तक्रारीवरही शंका यायला लागल्या. हा माणूस नेमकं काय सांगतो आहे, तेच कुणाला कळेना. दोन्ही तशाच पडून राहिल्या. वर्षं गेली. अप्पांनी माझ्याकडे कधी संशयाने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

यंदा त्यांचं हृदय थकलं. भेटायला गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते, शेजारी लॅपटॉप. इकडचं-तिकडचं बोलता बोलता मी एकदम म्हणालो, "अप्पा, बोरीच्या वेळी मी थांबलो नव्हतो." मला वाटलं होतं, ते तोंड फिरवतील. ते उशीवरून पुढे सरकले.

"पट्टी पुरी भरलती?"

"हो."

"दिवा लुकलुकत होता?"

"होता. मी पाहिला होता."

"आन उपसला?"

"उपसला."

"चहा?"

"घेतला नव्हता, अप्पा."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मी आजवर कुणाच्या कबुलीवर कुणाला इतकं खूश झालेलं पाहिलेलं नाही. "सुनंदा, चहा टाक गं! घावलं! म्हंजी माजी रीत बरोबर होती!" मी रडत होतो आणि ते हसत होते. "रडता कामून ओ सर? इतकी वर्सं मला वाटायलं, मलाच कळेनासं झालंय." मग चहा आला. पहिला घोट घेतल्यावर मात्र ते गंभीर झाले. "तुमी लय वाईट केलं सर. बोरीचं मी निस्तरलं. पर त्या तिकडच्या माणसाला मी नको ते बोललो. तुमच्या इमानाच्या भरवशावर बोललो. तिथं अजून खोटं लिहिलेलं हाय."

"पुसून टाकू," मी म्हणालो.

"तिथं पुसता येत न्हाई. खाली लिहायचं आसतंय. तुमी लिहा, तुमच्या हातानं."

मी होय म्हणालो. पण दोन ओळी लिहायला इंग्रजीच्या शिक्षकाला शब्द सापडेनात. आज-उद्या करत राहिलो आणि सुनंदाचा फोन आला.

समाधीनंतर काही दिवसांनी मी ते पान उघडलं. अप्पांचं शेवटचं उत्तर तिथे तसंच होतं, मी दुरुस्त केलेल्या इंग्रजीत. त्याखाली लिहिलं, की तो शिक्षक मी आहे. मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. अप्पा वारल्याचंही कळवलं आणि त्यांच्या वतीने माफी मागितली. मला उत्तराची आशा नव्हती. आठवडाभराने आलं. त्याच स्वयंसेवकाचं. त्याने लिहिलं होतं, की वाईट वाटलं, तुमचे मित्र मला आठवतात. ही दुसरी तक्रार आता बंद करतो. आणि पट्टीबद्दलची त्यांची पहिली तक्रार बरोबर होती, ती पुन्हा कामाला घेतली आहे. शेवटी एक ओळ, आमच्या घरीही अजून चहा होईपर्यंत थांबतात.

मी खुर्चीला टेकलो. किती तरी वर्षांनी पुरता श्वास आल्यासारखं वाटलं.

राहता राहिलं जिंतूर आणि बोरी. जिंतूरकरांसाठी हा लेख. अप्पांच्या संगणकात त्या दिवशी बिघाड नव्हता, घाई माझी होती. बोरीला मात्र स्वतः जायला हवं होतं. गयाबाई आहेत अजून, आता त्यांना फारसं दिसत नाही. त्यांच्या ओसरीवर बसून ओव्या ऐकवाव्यात आणि डबड्याने काही गिळलं नव्हतं, हे सांगावं म्हणून परवा सकाळी मी अप्पांच्या घरी गेलो. लॅपटॉप त्यांच्या खोलीत, त्याच पलंगाशेजारी आहे. पेन ड्राइव्ह लावून वाजवायचा छोटा कर्णा माझ्या पिशवीत होता. सुनंदाने ओव्या पेन ड्राइव्हवर उतरायला लावल्या आणि चहा ठेवला. पट्टी भरली, सुनंदाने काढायचा हुकूम दिला. दिवा लुकलुकत होता. रस्त्यावरून बोरीकडे जाणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू आला.

"सर, आलं बघा 'आता काढा'," सुनंदा म्हणाली. "पळा, मिळेल अजून."

"थांब," मी म्हणालो. "चहा राहिलाय."

बस गेली. आम्ही दोघं अप्पांच्या खोलीत कप पुरा रिकामा होईपर्यंत बसून राहिलो.