काकांनी सांगितलेला अभ्यास

प्रॅक्टिकल सुरू असताना बाबांचा फोन आला. व्हरांड्यात येऊन उचलला. "रमेश गेला वं, बाई…" एवढंच ते म्हणाले. रमेशकाका बाबांचे कुही गावच्या शाळेतले मित्र. जुनी चित्रं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आधी एका संग्रहालयात, मग धरमपेठेतल्या स्वतःच्या घरी. त्या फोनला आता महिना उलटून गेला. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ती त्यांच्यामुळेच.

बारावीनंतर बाबा मला त्यांच्याकडे घेऊन गेले. मला चित्रकलेला जायचं होतं, बाबांच्या मनात मी शिक्षिका व्हावं असं होतं. काका एका काळवंडलेल्या चित्रावर कापसाचा बोळा फिरवत होते. बोळा पिवळा होत गेला आणि चित्रातलं आभाळ निळं. मी बघतच राहिले. विचारलं, "हे शिकाले काय करा लागते, काका?"

"केमिस्ट्री."

मी हिरमुसले. "काहून? चित्रकला नाही?"

"ते संध्याकाळी शीक, हात बसला पाहिजे. पण वरचं वार्निश कशानं विरघळते अन् खालचा रंग कशानं वाचते, हे तुले कोण सांगीन? मी चाळिशीत शिकलो, तू आत्ताच शीक."

बाबांनी चुळबुळ करत विचारलं, "पण गा रमेश, यात नोकरी लागते काय?" पदवीनंतर आणखी दोन वर्षं शिकावं लागेल, हे ऐकून त्यांनी बोटांवर वर्षं मोजली. परतीच्या बसमध्ये मात्र स्वतःशीच म्हणाले, "बी.एस्सी.च तर आहे. मास्तरीण बी होता येईन." असा माझा प्रवेश झाला.

मग दर रविवारी काकांकडे. एकच मडकं त्यांनी मला महिनाभर काढायला लावलं. कोणत्या काळात कोणता रंग बाजारात आला, हे पाठ करायला लावलं. चित्र खोटं बोललं तरी रंग खोटं बोलत नाही, असं काका म्हणायचे. आणि हात लावण्याआधी लिहायचं, हा नियम. एकदा मी नोंदीत 'डाग' असं लिहिलं, तर वही परत आली. "कसला डाग? तेलाचा, पाण्याचा, माशीचा? माहीत नसन तर माहीत नाही असं लिही, त्यात लाज नाही."

गेल्या दिवाळीत मी जरा फुशारकीनंच विचारलं, रसायन झालं, इतिहास झाला, हातही बसला, आता काय राहिलं? काकांनी चष्मा काढला… आणि केमिस्ट्री नुकती शिकले होते तेव्हाची एक गोष्ट सांगितली. एका घरून आईचं तैलचित्र आलं होतं. अतिनील किरणांच्या जांभळ्या दिव्याखाली कपाळावरचं कुंकू वेगळं, गडद दिसलं. म्हणजे ते मागाहून कुणी रंगवलेलं. काकांनी ते काढलं, मूळ चित्र मोकळं झालं म्हणून खूश झाले. न्यायला मुलगी आली. चित्राकडे बघत म्हणाली, "बाबा गेल्यावर काढलेलं हे चित्र. तिचं उघडं कपाळ आम्हा भावंडांना बघवेना, म्हणून हट्टानं कुंकू लावून घेतलं होतं. तुम्ही ते पुसलंत."

"मग?" मी विचारलं.

"मग काय… केमिस्ट्री बरोबर होती वं. मी तिले विचारलंच नव्हतं." अन् ते चहा टाकायला उठले. त्यापुढचं मी कितीदा विचारलं, पण ते बोलले नाहीत.

काकांच्या तेरवीला एक वयस्क बाई आल्या होत्या, कुसुमताई. काकूंनी ओळख करून दिली तेव्हा कळलं, ती मुलगी म्हणजे याच. चित्र बघायला येऊ का, असं मी विचारलं. त्या हो म्हणाल्या.

परवा गेले. बैठकीच्या भिंतीवर त्यांची आई होती, आणि कपाळावर कुंकू होतं.

"दुसऱ्याच आठवड्यात दारात उभे राहिले," कुसुमताई म्हणाल्या. "परत लावून देऊ का, म्हणाले. माझा राग जायला वर्ष लागलं. तेवढं थांबले ते. मग इथंच, या खुर्चीवर बसून लावलं."

पण मूळ चित्रावर नवा रंग… काका असं कसं करतील? मी कुसुमताईंची परवानगी घेऊन चौकट उतरवली, उलटी केली. मागे काकांचं बारीक, सरळ अक्षर होतं.

'कुंकू मागाहून लावले आहे. सहज निघते. घरच्यांना विचारल्याशिवाय काढू नये.'