डाव्याला हाक, उजव्याची ओ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमधला संगणक लावला, तर त्यावर आलं की दोन्ही मशिनं सापडत नाहीत. मला आधी पूजाच आठवली. खंडेनवमीला मशिनांची पूजा मीच केली होती.

विक्रोळीच्या एका जुन्या गाळ्यात आमची पाणी तपासायची लॅब आहे. पाण्यातले क्षार मोजणारी दोन मशिनं, दिसायला अगदी जुळी. डाव्यात फक्त शुद्ध पाणी घालायचं, उजव्यात कारखान्यांचं सांडपाणी. प्रत्येकाच्या पोटाशी कंट्रोलरचा एक डबा आहे. डब्याची वायर राउटरला जाते आणि राउटरमधून संगणकाला. यापुढचं मला काही कळत नाही. अडलं की सेराफिनाला हाक मारायची.

सेराफिना कांदिवलीच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईचीच मूळची ख्रिस्ती. वय बावन्न. नवरा गेल्यावर त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान तिने चार वर्षं एकटीने चालवलं, मग आमच्याकडे आली. टेस्टर अंबाड्यात खोचून फिरते. त्याच महिन्यात त्यांचा आगेरा झाला होता, नव्या भाताचा सण. चर्चमधून आणलेली भाताची लोंबी तिने राउटरच्या वर टांगली होती. पूजेच्या दिवशी मी त्या लोंबीलाही हळद-कुंकू वाहिलं होतं.

त्या दिवशी मुलुंडच्या एका डायलिसिस सेंटरचं पाणी आमच्याकडे आलेलं. त्यांनी पाणी शुद्ध करायचा प्लांट बदलला होता. आमचा रिपोर्ट पाचपर्यंत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी सहाची पाळी बंद राहणार होती. नऊ पेशंट. तपासणीला तीन तास लागतात, म्हणजे दोनला सुरुवात व्हायलाच हवी.

सेराफिनाने आधी वायरी बदलल्या. मग राउटरचं भोक बदललं. दिवे हिरवे. तिने आपला लॅपटॉप जोडून दोन्ही डब्यांना विचारून पाहिलं, तर दोघेही उत्तर देत होते, आणि संगणक मात्र ही माझी मशिनं नव्हेत म्हणून अडून बसलेला. बारा वाजले. मी तीनदा खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. मनात रामरक्षा सुरू केली, तीही मधेच तुटत होती.

मॅनेजर चंद्रप्रकाश सर दर दहा मिनिटांनी दारात येत होते. संगणकाला मशीन ओळखायची सक्ती करू नका, सापडतंय त्यावर चालवा, असं त्यांचं म्हणणं.

डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकवायची एक सोय असते, ती सेराफिनाने डाव्यासाठी वापरली. लुकलुकला तो उजव्याचा.

ती माझ्याकडे वळली. "मृणालिनी, पूजेला सगळं बंद केलेलंस?"

"राउटरसकट. यंदा नीट पुसायचं होतं."

"आणि आज पहिलं कुठलं लावलंस?"

"उजवं. सुरुवात उजवीकडूनच करतात ना गं."

मला वाटलं आता ही माझी आणि पूजेची दोघींची खरडपट्टी काढणार. ती खुर्चीत बसली आणि हसली, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. मग तिने समजावलं. बँकेत टोकन देतात तसा राउटर येईल त्याला पुढचा नंबर देतो, आणि संगणक नंबरावरून मशीन शोधतो. तीन वर्षांपूर्वी डावं पहिलं लागलं होतं. तेव्हापासून ही मशिनं कधी बंदच झाली नव्हती.

"नंबर पक्के करायचे मीच ठेवून दिलेले," ती म्हणाली. "आज करते, उद्या करते. तू नुसता स्विच दाबलास, वेडे."

सर परत आले. नंबर उलटे झालेत एवढंच ना, मग उजव्यावर पाणी चालवून टाका, म्हणाले.

"सर, त्या नळ्यांतून सांडपाणी जातं. त्या आकड्यावर हे पाणी माणसाच्या रक्ताशी जाणार. मी नाही चालवू देणार."

सर घड्याळाकडे बघत दारातच थांबले.

तिने एकेक डबा लॅपटॉपवर उघडून त्याच्यातच त्याचा नंबर कायमचा लिहिला, मग दिवा लुकलुकवला. डाव्याला डावा, उजव्याला उजवा. तरीही आधी, ज्याचा आकडा ठाऊक आहे अशा पाण्याची एक बाटली डाव्यावर चालवायला लावली. आकडा जुळला तेव्हा पावणेदोन झाले होते. सकाळपासून तिने पाण्याचा घोटही घेतला नव्हता.

चार वाजून पन्नास मिनिटांनी रिपोर्ट गेला. पाणी चांगलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी राहवेना म्हणून मी सेंटरला फोन केला. सहाची पाळी लागली होती, नऊही जण आले होते.

आता दोन्ही डब्यांवर सेराफिनाच्या वाकड्या अक्षरातल्या पट्ट्या आहेत. पूजा मी अजून करते, मशिनं चालू ठेवून. तरी सुट्टीनंतर कामावर आले की पदर खोचून आधी डाव्याचा दिवा लुकलुकवून बघते. तो डावाच असतो. मग उजव्याचाही बघते.